राधिकेचे मोल : ‘माझ्या नवऱ्याची बायको’चे परीक्षण

मालिकेचे परीक्षण म्हटले की सुशिक्षित वाचकाच्या कपाळाला आठी पडते. नाटकाचे परीक्षण करावे, कादंबरीचे करावे, फार तर चित्रपटाचे करावे. परंतु रोज रात्री भाजी निवडता निवडता पाहिल्या जाणाऱ्या या खेळाचे कसले आले आहे परीक्षण, असा त्या आठीचा अर्थ असतो. आम्हाला ही दृष्टी मान्य नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून तुकड्यातुकड्यानेच वाचकांच्या हाती पडत होती. आणि पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या त्या वाचकांची उत्कंठा आजच्या प्रेक्षकांच्या उत्कंठेहून जातीनेच निराळी होती, असे मानण्यास काही आधार नाही. क्रमशः येणे हा वाङ्मयाचा दोष नव्हे. ज्या कथेपुढे महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे साडेचार वर्षे नित्यनेमाने बसली, त्या कथेने त्यांच्या मनावर काय बिंबविले हे पाहणे टीकाकाराचे कर्तव्यच आहे. आणि ते पाहावयाचे तर नाटक-कादंबरीला आपण जी कसोटी लावतो, तीच येथेही लावली पाहिजे. सवलतही नको आणि हेटाळणीही नको.

ज्या मालिकेचा विचार येथे करावयाचा आहे ती म्हणजे ‘झी मराठी’ वाहिनीवरील ‘माझ्या नवऱ्याची बायको’. ऑगस्ट २०१६ मध्ये ती सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये संपली. ती चालू होती तोवर तिच्याविषयी बोलणाऱ्यांचे दोनच वर्ग होते : एक डोळ्यांत पाणी आणून पाहणाऱ्यांचा, आणि दुसरा तिची टर उडविणाऱ्यांचा. आता दोहोंचाही आवेश ओसरला आहे. तेव्हा शांत चित्ताने मोजमाप करण्यास हीच वेळ बरी. शिवाय दादरच्या किंवा कोथरूडच्या दिवाणखान्यातून ही मालिका पाहणे आणि यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यातून ती पाहणे, यांत अंतर आहे. ते अंतर कोणते, हे सांगितल्यावाचून या मालिकेचे खरे परीक्षण होणार नाही, असे आम्हास वाटते.

संविधानक थोडक्यात असे. नागपूरकडची राधिका लग्न करून गुरुनाथ सुभेदाराच्या संसारात मुंबईस राहते. अथर्व नावाचा एक मुलगा आहे. राधिका सुगरण आहे, काटकसरी आहे, भाजीवाल्याशी दोन रुपयांकरिता घासाघीस करणारी आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावणारी आहे. आणि मुंबईत इतकी वर्षे काढूनही तिच्या जिभेवरची नागपूरची माती पुसली गेलेली नाही. मोठ्या हुद्द्यावर चढलेल्या गुरुनाथाला या सर्वच गोष्टींची लाज वाटते. कचेरीत तो ‘गॅरी’ आहे. घरी आला की त्याला पुन्हा गुरुनाथ व्हावे लागते, आणि हेच त्याला सहन होत नाही. शनाया नावाची चटकचांदणी तरुणी त्याच्या आयुष्यात येते. राधिकेला आधी संशय, मग पुरावा, मग संताप, मग नवऱ्याला वळणावर आणण्याची धडपड, अखेर घटस्फोट, अशा पायऱ्यांनी कथा चढत जाते. दरम्यान घरगुती मसाल्यांतून ‘राधिका मसाले’ हा उद्योग उभा राहतो आणि पाहता पाहता तीनशे कोटींचा होतो. पुढे सौमित्र नावाच्या सज्जनाशी राधिकेचा पुनर्विवाह होतो, आणि गुरुनाथाची उत्तरोत्तर अधोगती होते.

कथाबीज नवे नाही. नवरा, बायको आणि तिसरी, हा त्रिकोण जगातील सर्व वाङ्मयांनी झिजविला आहे. या जुन्याच त्रिकोणात नवे होते ते एवढेच की, त्यातील बायको तिच्या बोलीसकट नायिका झाली होती. या गोष्टीचे महत्त्व कळण्यासाठी २०१६ या सालाकडे किंचित निरखून पाहिले पाहिजे. मराठी करमणुकीच्या इतिहासात ते बोलींचे वर्ष होते. फेब्रुवारीत त्याच वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि मालवणी घरोघर ऐकू येऊ लागली. एप्रिलमध्ये ‘सैराट’ हा चित्रपट आला आणि सोलापूरकडच्या रांगड्या मराठीने उभा महाराष्ट्र वेडा केला. ऑगस्टमध्ये राधिका आली. ऑक्टोबरमध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’मधून कोल्हापुरी बोली आली. पुणेरी प्रमाणभाषेखेरीज दुसरी मराठी केवळ नोकर-चाकर आणि विदूषक यांच्याच तोंडी घालावयाची, हा आपला जुना दंडक; तो एका वर्षात चार ठिकाणी मोडला.

परंतु या चारांत एक भेद आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. मालवणी बोलणारी माणसे कोकणातच राहत होती. आर्ची आपल्या गावात ट्रॅक्टर चालवीत होती. कोल्हापूरचा राणा कोल्हापूरच्याच शेतात उभा होता. या तिन्ही कथांत बोली आपल्या घरात होती. तिची लाज वाटावी असा प्रसंगच नव्हता. एकटी राधिका परमुलखात होती. तिची बोली हीच तिच्या नवऱ्याच्या तक्रारीतील एक मोठी बाब होती. म्हणजे मालवणी आणि कोल्हापुरी यांना कथेने आपल्या गावची जागा दिली, तर नागपुरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. याला अन्याय म्हणावे की संधी म्हणावी? आमच्या मते ती फार मोठी संधी होती. कारण खटला उभा राहिल्याशिवाय निकाल लागत नाही. बाईची योग्यता तिच्या उच्चारावरून ठरवावयाची की कसे, हा प्रश्न मराठी घराघरात इतक्या उघडपणे या मालिकेपूर्वी कोणी विचारला होता, असे आम्हास आठवत नाही.

लोहाऱ्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकी नाही. आमच्याकडची मुले महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात येतात तेव्हा उत्तर ठाऊक असूनही उभे राहिल्यावर अडखळतात. ‘मले’ ओठांवर आलेले असते; ते गिळून ‘मला’ म्हणावयाचे असते. शाळेला ‘शाया’ आणि पोळीला ‘पोयी’ म्हणणारी जीभ पुण्यास नोकरीच्या मुलाखतीला जाण्यापूर्वी आरशापुढे बसून सरळ करावी लागते. ‘काऊन’, ‘कायले’, ‘बाप्पा’ हे शब्द उच्चारले की ऐकणारा हसतो, आणि त्या हसण्यात द्वेष नसला तरी एक निकाल असतो : हा मनुष्य भोळा आहे, विनोदी आहे, मोठ्या कामाचा नाही. गुरुनाथ राधिकेकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर आमच्या मुलांनी ओळखली, यात नवल ते काय! आणि राधिकेचा पक्ष आमच्याकडच्या बायांनी, आणि पुरुषांनीही, इतक्या हिरिरीने घेतला, यातही नवल नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईविषयी वाटणारी कणव तर सर्वत्रच होती. आमच्याकडे त्या कणवेत स्वतःविषयीची एक ठसठसही मिसळली होती.

ही ठसठस अधिकच बोचते, कारण इतिहास अगदी उलट साक्ष देतो. मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ जो ‘लीळाचरित्र’, तो तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रचला तो आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे. मराठी गद्याचा पाळणा या वऱ्हाडच्या मातीत हलला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि मराठी भाषेचे विद्यापीठही रिद्धपुरासच स्थापन झाले. तेव्हा या गोष्टीचा उच्चार पुष्कळ व्यासपीठांवरून झाला. तथापि व्यासपीठावरचा गौरव निराळा आणि मुलाखतीच्या खोलीतले स्मित निराळे. आमच्याच यवतमाळ जिल्ह्याचे डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी वऱ्हाडी कवितेने वर्षानुवर्षे सभा हसत्या ठेविल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या विनोदात शेतकऱ्याचे दुःख होते आणि बोलीचा ताठा होता, हे जाणकार जाणतात. परंतु महाराष्ट्राच्या कानाला वऱ्हाडीची सवय झाली ती मुख्यतः हसण्यापुरती. रडणारी, रागावणारी, निर्णय घेणारी, संसाराचा हिशेब मांडणारी वऱ्हाडी-नागपुरी त्याने फारशी ऐकली नव्हती. राधिकेने ती ऐकविली. हे या मालिकेचे ऋण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

ऐकविली, परंतु कितपत अस्सल? येथे थोडे कडक झाले पाहिजे. राधिकेच्या बोलण्यातील ठळक खूण म्हणजे ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिले’ ही क्रियापदाची धाटणी आणि वाक्याच्या शेवटी येणारा एक विशिष्ट हेल. दोन्ही गोष्टी नागपुराकडे आहेत, यात शंका नाही. परंतु बोली म्हणजे दोन खुणा नव्हेत. तिच्यात म्हणी असतात, शिव्या असतात, पिकांची आणि सणांची नावे असतात, गोष्टीकडे पाहण्याची एक तिरकी, खट्याळ तऱ्हा असते. राधिकेची भाषा पुष्कळदा प्रमाण मराठीच असते. तिच्यावर वरून नागपुरीची फोडणी दिलेली असते. ज्याने फोडणीचाच वास घेतला त्याला पदार्थ नागपुरी वाटतो. ज्याने तो लहानपणापासून खाल्ला आहे त्याला आतला कच्चेपणा कळतो. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला सर्व कळले पाहिजे ही लेखकांची अडचण आम्ही समजू शकतो. तरीही साडेचार वर्षांच्या अवकाशात प्रेक्षकांचा कान हळूहळू तयार करता आला असता, आणि नायिकेची भाषा उत्तरोत्तर दाट होऊ शकली असती. ते झाले नाही.

हा कच्चेपणा बव्हंशी झाकला तो अनिता दाते यांच्या अभिनयाने. या बाई मूळच्या नाशिकच्या. विदर्भाशी त्यांचा जन्मसंबंध नाही. परंतु बोलीचा खरा प्राण शब्दांपेक्षा लयीत असतो, आणि ती लय त्यांनी पकडली. कमरेला पदर खोचून, बोट नाचवीत, एका श्वासात दहा गोष्टी सांगणारी राधिका आम्ही प्रत्येकाने कोठे ना कोठे पाहिलेली आहे. विशेषतः प्रारंभीच्या भागांत, नवऱ्यावरचा विश्वास आणि मनातली शंका यांच्यात ती हेलकावत असता, त्यांनी चेहऱ्यावर जो एक भाबडा हट्ट ठेविला होता, तो लेखकाने लिहून दिलेला नव्हे, तो नटीचाच. पुढे ‘मी वसंतराव’ (२०२२) या चित्रपटात त्यांनी वसंतराव देशपांड्यांच्या मातेची भूमिका केली. एकट्याने मुलाला वाढविणाऱ्या त्या बाईच्या चित्रणातला संयम पाहिला म्हणजे मालिकेने या गुणी नटीकडून किती थोडे मागितले, याचीही कल्पना येते.

इतर पात्रांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. अभिजीत खांडकेकर यांचा गुरुनाथ आरंभी ओळखीचा मनुष्य होता. खालून वर चढलेला, वर गेल्यावर खालच्या पायऱ्यांची लाज वाटणारा, बायकोला लोकांपुढे नेण्यास कचरणारा असा नवरा प्रत्येक शहरात आहे. आणि तो मुळात दुष्ट नसतो हीच त्याच्यातील भयंकर गोष्ट होय. अशा मनुष्याचे अंतरंग उलगडून दाखविले असते तर मराठीत एक संस्मरणीय स्वभावचित्र निर्माण झाले असते. परंतु लेखकांनी लवकरच त्याला खलपुरुष केले, आणि मग खलपुरुषाचा विदूषक केला. एकदा तो फजितीचा विषय झाल्यावर राधिकेच्या विजयालाही वजन उरले नाही. कारण प्रतिपक्ष जितका हलका, तितका जय हलका. शनाया तर पहिल्यापासूनच पैशाची हाव आणि आळस यांची बाहुली आहे. ही भूमिका प्रथम रसिका सुनील, नंतर ईशा केसकर आणि पुन्हा रसिका सुनील अशी हातपालट होत गेली, तरी कथेला काही धक्का बसला नाही. त्या पात्राला स्वतःचे मन दिलेलेच नव्हते, याचा याहून निराळा पुरावा नको. त्यातल्या त्यात गुरुनाथाचे आईवडील सरस उतरले आहेत. स्वतःच्या मुलाविरुद्ध सुनेच्या पाठीशी उभे राहणारे सासूसासरे, ही मराठी मालिकांच्या सासुरवासी परंपरेत सुखद नवी गोष्ट होती.

या मालिकेने प्रेक्षकांना का मोहविले? पहिले कारण उघड आहे : संसारात राबणाऱ्या स्त्रीला आपल्या श्रमाची दखल कोणी घ्यावी असे वाटते, आणि येथे दखल घेतली जात होती. राधिकेची काटकसर, तिचे हिशेब, तिचा डबा, तिचे शेजारधर्म या गोष्टी कथेत अडगळीसारख्या पडलेल्या नव्हत्या; त्या तिचे सामर्थ्य म्हणून दाखविल्या होत्या. दुसरे कारण असे की, अपमान गिळून बसण्याची जी शिकवण आपल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या मिळाली, तिच्या उलट येथे प्रत्येक अपमानाची परतफेड होत होती. आज ना उद्या गुरुनाथाला चपराक बसणार या खात्रीने लोक टीव्हीपुढे बसत, आणि चपराक बसली की झोपावयास जात. हे सुख खोटे नाही. मात्र ते हलक्या प्रतीचे आहे, आणि रोज घेतल्याने ते सवयीचे होते, हेही तितकेच खरे.

मराठी वाङ्मयातील राधिकेच्या वडील बहिणींकडे पाहिले म्हणजे तिचे स्थान अधिक स्पष्ट होईल. १९१९ च्या जानेवारीत गडकरी सावनेरला, म्हणजे आमच्याच विदर्भात, वारले. आणि त्यानंतर लवकरच त्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला. त्यातील सिंधू लोकांचे दळण दळते आणि व्यसनी नवऱ्याला शेवटपर्यंत अंतर देत नाही. तिच्या दुःखाने महाराष्ट्र ढसढसा रडला, परंतु रडून झाल्यावर पतिव्रतेचा आदर्श मनाशी घेऊनच घरी गेला. १९६० मध्ये उद्धव शेळक्यांची ‘धग’ आली. तिच्यातील कौतिक ही अस्सल वऱ्हाडी बोलणारी नायिका. कामचुकार नवऱ्याचा संसार उचलून धरण्याकरिता ती शेतात राबते, मुलांसाठी झिजते, आणि शेवटी दैन्य तिला गिळून टाकते. कौतिकला कोणी न्याय देत नाही. परंतु कादंबरीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लेखक तिला एका क्षणाचाही कमीपणा येऊ देत नाही. ती हरते, तरी तिची योग्यता पैशाने वाढत नाही आणि दारिद्र्याने घटत नाही. या दोघींच्या नंतर राधिका येते. सिंधूने जात्यावर दळले आणि मेली. राधिकेने मसाला दळला आणि कोट्यधीश झाली. शंभर वर्षांत मराठी बाईने केलेली ही वाटचाल पाहून आनंद व्हावा की नाही?

आनंद होतो, पण अर्धाच. मालिकेचा सर्वांत मोठा दोष आम्हाला दिसतो तो नेमका याच ठिकाणी. गुरुनाथाचे म्हणणे काय होते? राधिका गावंढळ आहे, तिच्या बोलण्याला वजन नाही, माझ्या हुद्द्याला ती शोभत नाही. या म्हणण्याला खरे उत्तर असे होते की, माणसाची किंमत हुद्द्याने आणि उच्चाराने ठरत नाही. राधिका काल जशी होती तशीच, घरातल्या ओट्यापाशी उभी असतानाच, तुझ्यापेक्षा मोठी होती. कथेने हे उत्तर दिले नाही. तिने राधिकेला तीनशे कोटींची मालकीण केले आणि मग गुरुनाथाला तिच्यापुढे मान खाली घालावयास लाविले. म्हणजे गुरुनाथाची मोजपट्टी खोटी ठरली नाही. त्याच मोजपट्टीवर राधिका त्याच्याहून उंच भरली, इतकेच. वाद पैशाने जिंकला. मूळ आक्षेपाला हातही लागला नाही. मग ज्या बाईजवळ तीनशे कोटी नाहीत आणि कधी होणारही नाहीत, तिने काय समजावयाचे? लोहाऱ्यातील जी गृहिणी रोज रात्री राधिकेबरोबर जिंकत होती, तिला सकाळी उठून पुन्हा त्याच ओट्यापाशी जावयाचे होते. तिच्याकरिता या कथेने काय ठेविले?

यावर कोणी म्हणेल की, स्त्रीने आपल्या पायावर उभे राहणे हाच तर खरा उपाय. त्याला दोष का देता? स्वावलंबनाला आम्ही दोष देत नाही. अत्र्यांच्या ‘घराबाहेर’ने १९३४ मध्येच मराठी रंगभूमीवर उंबरठा ओलांडणारी नायिका उभी केली होती, आणि तिच्याही आधी इब्सेनच्या नोराने आपल्यामागे दार लोटून घेतले होते. परंतु दार उघडून बाहेर पडणारी बाई बाहेर पडण्याच्या क्षणीच मोठी झालेली असते. नंतर ती शिक्षिका झाली की शिवणकाम करू लागली, हा गौण भाग. घरगुती मसाले, पापड, शेवया करून संसार चालविणाऱ्या हजारो स्त्रिया विदर्भात आहेत. बचतगटाच्या कर्जाचा हप्ता, मिरचीचा चढता भाव, उधारी बुडविणारा दुकानदार, यांच्याशी त्यांची रोजची झुंज असते. ती झुंज दाखविली असती तर मालिकेला किती तरी कस आला असता! वास्तवातील उद्योग हळूहळू, अपयश पचवीत वाढतो. मालिकेतील उद्योग अळंब्यासारखा एका रात्रीत फुगला. तरुण मंडळींनी तीनशे कोटींच्या आकड्याची जी थट्टा मांडली ती म्हणूनच निराधार नव्हती. प्रेक्षकाला श्रम दाखवावयाचे होते तेथे आकडा दाखविला गेला.

दुसरा दोष रचनेचा. आदि, मध्य आणि अंत असलेली कृती म्हणजे पूर्ण कथानक, हे ॲरिस्टॉटलचे वचन आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. मालिकेला आदि असतो, मध्य असतो. अंत मात्र कथेच्या गरजेने येत नाही, दर आठवड्याला येणाऱ्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांनी येतो. राधिकेला सत्य कळले त्या दिवशी कथेचा एक अंक संपावयास हवा होता. घटस्फोटाबरोबर कथाच संपावयास हवी होती. परंतु जोवर लोक पाहत आहेत तोवर गुरुनाथाला नवे कारस्थान सुचलेच पाहिजे, आणि त्यासाठी राधिकेने त्याच्यावर पुन्हा एकदा विश्वास टाकलाच पाहिजे. परिणाम असा होतो की, शहाणी म्हणून रंगविलेली नायिका आठवड्यातून एकदा मूर्खासारखी वागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले व काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाले, तेव्हा तरी कथेला विराम देण्याची संधी आयती चालून आली होती. तीही घेतली गेली नाही. याउलट ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या २००१ साली सुरू झालेल्या मालिकेचे उदाहरण पाहा. ती आठवड्यातून एकदाच येई. तिच्यात कारस्थान नव्हते, कोट्यवधींची उलाढाल नव्हती. एका मध्यमवर्गीय घरातील आजोबा, मुलगा, सून आणि नातवंडे एवढाच पसारा. तरीही ती माणसे आज वीस-बावीस वर्षांनी आपल्या नात्यातल्यासारखी आठवतात. गुरुनाथाची कारस्थाने मात्र कोणाला आठवतात?

मग या मालिकेतून हाती काय उरते? उरतो तो एक आवाज. कथानक विसरले गेले, कारस्थाने विसरली गेली, कोट्यवधींचा आकडा थट्टेपुरता उरला. परंतु कमरेला पदर खोचून उभी राहिलेली आणि नागपुरी हेलात नवऱ्याला जाब विचारणारी ती बाई लक्षात राहिली. रोज रात्री आठच्या सुमारास, सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंतच्या घरांत, हा हेल विदूषकाचा न राहता घरच्या कर्त्या बाईचा झाला, ही गोष्ट लहान नाही. ज्या प्रेक्षकाने तो हेल ऐकत चार वर्षे काढली, तो उद्या मुलाखतीच्या खोलीत बसला आणि समोरच्या मुलीच्या तोंडून चुकून ‘मले’ गेले, तर कदाचित पूर्वीइतक्या सहज हसणार नाही. कलाकृतीचा लोकांवर होणारा संस्कार तिच्या लेखकांच्या हेतूहून पुष्कळदा निराळा असतो, आणि कित्येकदा अधिक चांगलाही असतो.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे आम्हास परवडणारे नाही. नागपुरी बोलणाऱ्या बाईला महाराष्ट्राने स्वीकारले ते ती कोट्यधीश झाल्यावर, असाच निष्कर्ष आमच्या मुलींनी या मालिकेतून काढला तर तो त्यांचा दोष म्हणता येणार नाही. आता कोणीतरी याच्या पुढची कथा लिहिली पाहिजे. तिची नायिका मुंबईत नसावी; ती दारव्ह्याला, घाटंजीला किंवा पांढरकवड्याला असावी. कापसाच्या भावाची चिंता तिच्या घरात असावी, तिच्या बोलीत म्हणी असाव्यात आणि तिखटपणा असावा, आणि तिने बोलताना एकदाही प्रमाणभाषेची परवानगी मागू नये. कौतिकपाशी ती भाषा आहे; राधिकेपाशी तो प्रेक्षकवर्ग आहे. ही दोन टोके जोडणारा लेखक विदर्भातूनच यावयास हवा. तो आला म्हणजे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ची योग्य ती जागा ठरेल : स्वतः फारशी पुढे न गेलेली, परंतु दार किलकिले करून ठेवणारी एक मालिका. अशा दाराबद्दल कृतज्ञ राहावे, आणि त्यातून आत शिरण्यास विलंब लावू नये.